कागद जपायचे तर माणसे नेमा

२०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांमधले, वर्षानुवर्षे कुणी हात न लावलेले गठ्ठे सुटू लागले. खासरापत्रके, कोतवाल बुके, गाव नमुना १४, शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्या, जिथे म्हणून कुणबी नोंद सापडण्याची शक्यता होती ते सगळे बाहेर आले. काही मोडीत, काही उर्दूत. मग मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. आरक्षणाबद्दल कुणाचे मत काहीही असो, त्या दिवसांत एक गोष्ट सगळ्या राज्याने पाहिली: ज्या कागदावर माणसांचे हक्क ठरतात तो कागद वाचू शकणारे लोक आपल्याकडे फार थोडे उरले आहेत, आणि त्यांतले बहुतेक कुठल्याही सरकारी पदावर नाहीत.

यातून एक चांगला वाद उभा राहायला हवा होता. राहिला तो फार उथळ. एक बाजू म्हणते, सगळे स्कॅन करून टाका, नेटवर चढवा, मोडी वाचायला आता एआय आहेच. दुसरी बाजू म्हणते, असे उघड्यावर टाकले तर ज्याला जे हवे ते उचलून जो तो आपापला इतिहास लिहील, तेव्हा कागद जाणकारांच्या ताब्यातच बरे. मी अभिलेख, माध्यमे आणि सांस्कृतिक स्मृती हा विषय शिकवते, त्यामुळे दोन्ही बाजूंची माणसे मला भेटतात. दोघांचेही लक्ष कागदावर आहे, आणि कागद सांभाळणारी, लावणारी, वाचणारी, शिकवणारी माणसे कुणाच्याच हिशेबात नाहीत. माझे म्हणणे सरळ आहे. जिथे अभिलेखपालाचे कायम पद नाही, सूची करणाऱ्याला अभ्यासक म्हणून मान नाही आणि ही विद्या शिकून पोट भरण्याची सोय नाही, तिथे स्कॅनरवर केलेला खर्च वाया जातो. कागद कुलपात ठेवला तर तोही वायाच जातो.

स्कॅनिंगच्या बाजूचे जे खरे आहे ते आधी मान्य करते, कारण ते थोडेथोडके नाही. ३ मार्च २००९ रोजी जर्मनीतल्या कोलोन शहराचे अभिलेखागार भुयारी रेल्वेच्या कामामुळे खचून कोसळले आणि शतकानुशतकांचे दस्त ढिगाऱ्याखाली, चिखलात गेले. २००३ च्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या साठवणघराला आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची जुनी नायट्रेट रिळे जळाली. नायट्रेट पेटले की पाण्यानेही विझत नाही. अशा वेळी कुठेतरी एक प्रत असणे म्हणजे काय, हे ज्याने काही गमावले आहे त्यालाच कळते. शिवाय गडचिरोलीतल्या किंवा किनवटच्या मुलीने एका कागदासाठी पुण्यात खोली घेऊन का राहावे? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि असूही नये.

पण स्कॅन म्हणजे काय, हे एकदा जवळून पाहा. पेशवेकाळातले एखादे मोडी पत्र घ्या. लिहिणाऱ्याने आधी पानभर आडव्या रेघा ओढल्या आहेत आणि मग बोरू फारसा न उचलता अक्षरे त्या रेघांना टांगत गेला आहे. शब्दांत जागा नाही. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. तारीख ‘छ’ अक्षराने सुरू होते, पुढे हिजरी महिन्यातला चांद्रदिवस, आणि वर्ष सुहूर सनाचे, तेही अरबी संख्यावाचकांत लिहिलेले. लांब पत्र असेल तर कागदाला कागद चिकटवून त्याची पट्टी केलेली असते, आणि मधूनच कुणी तुकडा बदलू नये म्हणून त्या जोडांवर मागून शिक्के उमटवलेले असतात. आता कंत्राटाने स्कॅनिंग करणारा, पानामागे ठरलेल्या दराने पैसे मिळणारा मुलगा काय करील? तो लिहिलेली बाजू स्कॅन करील. मागची बाजू कोरीच दिसते, तिचे कशाला? ती ‘कोरी’ बाजूच त्या दस्ताच्या खरेपणाचा पुरावा होती, हे त्याला कुणी सांगितलेले नाही. दोष त्याचा नाही. सांगणारे पद भरलेलेच नव्हते. आणि तयार झालेल्या फाइलला नाव काय, तर यंत्राने दिलेला आकडा. कुठल्या रुमालातून, म्हणजे कागद बांधून ठेवलेल्या कापडी गठ्ठ्यातून, निघाली, तिच्या आधी कोणता कागद होता, नंतर कोणता, याची नोंद नाही. रुमालात तो कागद निदान आपल्या भावंडांसोबत होता. स्कॅन होऊन तो एकटा पडला.

एकटा कागद काय करतो ते आपण रोज पाहतो. मोबाइलवर एका पानाचा फोटो फिरतो, खाली कुणीतरी दिलेले लिप्यंतर, आणि त्यावर जातीजातींची, घराण्याघराण्यांची भांडणे पेटतात. फोटो खरा असूनही तो पुरावा ठरत नाही. दस्ताला पुराव्याचे मोल येते ते तो कुणाच्या ताब्यात होता, कुठून कुठे गेला, कुणी लावला, या अखंड साखळीमुळे. हवे तसे पान तयार करून देणारी यंत्रे आता कुणाच्याही हाती आहेत. अशा काळात ती साखळी सांभाळणारा माणूस जितका मोलाचा झाला आहे तितका पूर्वी कधीच नव्हता.

सूची हे कारकुनी काम आहे असे ज्यांना वाटते त्यांनी पुण्याच्या पेशवे दफ्तराकडे पाहावे. १८५२ साली इंग्रजांनी नेमलेल्या इनाम कमिशनला गावोगावच्या इनामांचे हक्क तपासून सारा वाढवायचा होता. दफ्तर लावले गेले ते त्या गरजेने. म्हणजे आपल्या भूतकाळाच्या सर्वात मोठ्या कागदी साठ्याची पहिली विचारपूर्वक मांडणी महसुलाच्या नजरेने झाली आहे. पुढे १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्या साठ्यातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले. थोर काम आहे, आजही त्याच्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. पण पस्तीस-चाळीस हजार रुमालांतून ४५ खंड निवडायचे म्हणजे बाकीचे बाजूला ठेवायचे. त्या पिढीचा ओढा मोहिमा, तह आणि दरबार यांच्याकडे होता. बलुतेदारांच्या तक्रारी, जातपंचायतींचे तंटे, बटकी आणि कुणबिणी म्हणवल्या जाणाऱ्या गुलाम बायका, गावची दंडवसुली, धान्याचे भाव हे सगळे रुमालांत राहिले. ते उलगडून पाहण्यासाठी हिरोशी फुकाझावा, हिरोयुकी कोतानी यांच्यासारखे जपानी अभ्यासक मराठी आणि मोडी शिकले आणि आपल्या खेड्याचा नि जातिव्यवस्थेचा इतिहास लिहून गेले. कागद तेच होते. विचारणारा वेगळा आला तेव्हा ते वेगळे बोलले. सूची करणारा माणूस नेमके हेच ठरवत असतो की पुढच्या पिढीला कोणता प्रश्न विचारता येईल आणि कोणता विचारायचे सुचणारही नाही. एवढी सत्ता ज्या कामात आहे ते आपण मासिक मानधनावर, सहा-सहा महिन्यांच्या नेमणुकीवर करून घेतो.

एआयचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी प्रणाली पुढे आणली. त्यासाठी शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन अशा तिन्ही काळांतल्या मोडी पानांच्या सुमारे दोन हजार प्रतिमा वापरल्या. काम आनंदाचे आहे. पण त्या दोन हजार प्रतिमांसोबत तज्ज्ञांनी तपासलेले देवनागरी लिप्यंतर होते, म्हणून यंत्र शिकले. साठा आहे कोट्यवधी कागदांचा. हात बदलला की वळण बदलते, प्रांत बदलला की संक्षेप बदलतात. तंजावरच्या भोसल्यांच्या दफ्तरातली मोडी पुण्याच्या मोडीसारखी नाही, तिच्यात तमिळ नावे आणि मापे आहेत. यंत्राने एखाद्या हक्कनोंदीत एक अक्षर चुकीचे लावले आणि त्यावरून कुणाला दाखला मिळाला किंवा नाकारला गेला, तर ते पान पुन्हा वाचून ‘इथे चूक आहे’ असे कोण म्हणणार? वाचणारी पिढी संपल्यावर यंत्राला चूक दाखवणारे कुणी उरत नाही. ज्यांना यंत्रावर भरवसा ठेवायचा आहे त्यांनीच सगळ्यात आधी मोडी वाचकांची पदे मागायला हवीत.

चित्रपटांची गोष्ट तर याहून कठीण. ‘आलम आरा’ हा १९३१ चा पहिला बोलपट आज उपलब्ध नाही. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’ नाही. शेतकऱ्याचे कर्ज हा विषय शंभर वर्षांपूर्वी मराठी माणसाने पडद्यावर आणला होता आणि आपण तो पाहू शकत नाही. जुनी रिळे चांदी काढून घेण्यासाठी विकली गेली, वितळवली गेली, गोदामांत चिकटून गेली. जे वाचले त्यातले किती तरी पी. के. नायर या एका माणसाच्या खटपटीने वाचले. १९६४ साली पुण्यात चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, नायर लवकरच तिथे रुजू झाले आणि १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत देशभर रिळांच्या मागे फिरले. फाळक्यांचे चित्रपट आज जेवढे पाहायला मिळतात ते त्यांच्यामुळे.

नायरांचे नाव निघाले की लोक म्हणतात, पाहा, असा ध्यास हवा. पदे नि वेतनश्रेण्या कशाला? महाराष्ट्रात हा युक्तिवाद फार जोरकस आहे, कारण आपल्याकडे त्याला राजवाड्यांचा आधार आहे. वि. का. राजवाडे गावोगाव पायी हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरून दप्तरे उतरवली, पदरमोड केली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे एकामागून एक खंड काढले. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले ते अशाच वेडातून. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे यांनी शाळेत शिकवत पटवर्धनी दफ्तर छापले. मला या माणसांबद्दल जो आदर आहे तो शब्दांत मावणारा नाही.

पण त्याच आदरापोटी मी विचारते, राजवाड्यांच्या मागे राजवाडे का झाले नाहीत? कारण ध्यासाला वारस नेमता येत नाही. पदाला नेमता येतो. नायरांचा ध्यास फळाला आला, कारण त्यांच्याकडे सरकारी हुद्दा होता, प्रवासभत्ता होता, आणलेली रिळे ठेवायला थंड खोली होती. वसंत मून यांचे उदाहरण याहून बोलके आहे. बाबासाहेब आंबेडकरांचे अप्रकाशित लेखन दिल्लीत कायद्याच्या कचाट्यात नि धुळीत पडले होते. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून ‘लेखन आणि भाषणे’ हे खंड काढायला सुरुवात केली. त्यामागे त्यांचे संपादक मून यांचे आयुष्य आहे. २००२ मध्ये मून गेले. पुढे या खंडांच्या छपाईची रखडपट्टी इतकी झाली की २०२१ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाला वर्तमानपत्रातल्या बातमीची स्वतःहून दखल घ्यावी लागली. ज्या राज्यात बाबासाहेबांच्या जयंतीला लाखो लोक रस्त्यावर उतरतात, आणि चैत्यभूमीवर पुस्तकांच्या दुकानांसमोर रांगा लागतात, तिथे त्यांचेच खंड मिळावेत म्हणून न्यायालयाला लक्ष घालावे लागते. लोकांची स्मृती जिवंत आहे, पण ती सांभाळणारी यंत्रणा एका माणसाच्या खांद्यावर होती.

चित्रपटांच्या बाबतीत स्कॅन झालेली प्रत आपल्याला काय सांगत नाही, तेही पाहण्यासारखे आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ची जी रिळे आज १९१३ ची म्हणून दाखवली जातात ती खरोखर तेव्हाची आहेत, की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची, असा प्रश्न अभ्यासकांनी उपस्थित केला आहे. याचा निकाल स्वच्छ, चकचकीत डिजिटल प्रतीवरून लागत नाही. फिल्मच्या कडेवरच्या खुणा, छिद्रांचा आकार, शीर्षकपाट्यांची ठेवण, जोड कुठे आहेत, हे सारे वाचता यायला लागते, आणि ते शिकवावे लागते. उलट डिजिटल प्रतीचे आयुष्यच मोठे नाही. संग्रहालयांत डिजिटल साठा ठेवायला एलटीओ नावाच्या चुंबकीय टेप वापरतात. त्यांचे आठव्या पिढीचे यंत्र जुन्यांपैकी फक्त सातव्या पिढीची टेप वाचते, त्याआधीची नाही. म्हणजे काही वर्षांनी सगळा साठा नव्या टेपवर उतरवायचा, मग पुन्हा, मग पुन्हा. १९८६ मध्ये बीबीसीने १०८६ च्या इंग्लंडमधल्या जमीनपाहणीच्या नऊशेव्या वर्षानिमित्त लेसर डिस्कवर देशाचा नवा लेखाजोखा तयार केला. पंधरा-वीस वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रे मिळेनाशी झाली आणि ती माहिती सोडवून घ्यायला खास प्रकल्प हाती घ्यावा लागला. नऊ शतकांपूर्वीचे चर्मपत्र मात्र वाचता येत होते. एकदा स्कॅन केले की काम संपले, असे मानणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला ही हकीकत माहीत हवी.

डिजिटल काम उत्तम कसे होते याचा नमुना आपल्याच घरात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून अधिक. ओवी कुणी गायली, ती बाई कोणत्या गावची, विषय कोणता, हे लिहून ठेवले. म्हणून आज त्या ओव्या संकेतस्थळावर ऐकता येतात, शोधता येतात, आणि मुळशीतल्या एखाद्या आजीचे नाव तिच्या ओवीखाली दिसते. सीतेवरची ओवी शोधा, भावावरची शोधा, बाबासाहेबांवरची शोधा. संगणकाने हे केले नाही. घरोघर जाऊन बसलेल्या, लिहिणाऱ्या, वर्गवारी करणाऱ्या माणसांनी केले, संगणकाने त्याला जागा दिली.

आता राहिला सगळ्यात बळकट आक्षेप, आणि तो मला मनापासून पटतो. अभिलेखागारे, संशोधन मंडळे, ग्रंथसंग्रह ही ठिकाणे दीर्घकाळ काही ठरावीक जातींच्या, ठरावीक पेठांमधल्या लोकांच्या हाती होती. बहुजन समाजातल्या मुलाला तिथे परके वाटत आले. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संस्थेवर झालेला हल्ला समर्थनीय नाहीच. पोथ्यांची फेकाफेक करून कुणाचाही इतिहास परत मिळत नाही. पण आपल्या इतिहासाच्या किल्ल्या दुसऱ्याच कुणाकडे आहेत, ही समाजात साचलेली भावना खोटी होती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. म्हणून स्कॅनिंगचे समर्थक म्हणतात, सगळे खुले करा, मक्तेदारी आपोआप संपेल.

मला शंका आहे ती या ‘आपोआप’बद्दल. मोडी न येणाऱ्या मुलाला मोडीचे हजार स्कॅन दिले तर त्याच्या हाती काय पडले? त्याला पुन्हा त्या मोजक्या वाचणाऱ्यांकडेच जावे लागणार, तेही पैसे मोजून. पूर्वी दारावर कुलूप होते, आता ते लिपीवर आहे. मक्तेदारी मोडायची तर ही विद्या लातूर, नांदेड, जळगाव, चंद्रपूरच्या महाविद्यालयांत शिकवावी लागेल. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते, त्याला प्रतिसादही चांगला मिळतो. पण अल्पमुदतीच्या वर्गातून आवड तयार होते, अभ्यासक तयार होत नाही. आणि ‘जाणकारांच्याच ताब्यात ठेवा’ म्हणणाऱ्यांना माझे सांगणे आहे की जाणकार वाढवण्याची तुमची योजना काय, ते आधी सांगा.

अडचण पुढच्या टप्प्यावर आहे. समजा नांदेडच्या एका मुलीने इतिहासात एमए केले, मोडी शिकली, उर्दूही शिकली, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातला एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम पुरा केला. परत येऊन ती काय करणार? महाविद्यालयात लागली तर तासिका तत्त्वावर. तिथे पुढे सरकायचे तर यूजीसीच्या गुणांकनात शोधनिबंधाला गुण आहेत, ग्रंथाला आहेत, अनुवादाला आहेत. एखाद्या अप्रकाशित दफ्तराची पाच वर्षे खपून केलेली वर्णनात्मक सूची कोणत्या रकान्यात बसवायची? तसा रकानाच नाही. मग ती सूची सोडून देते आणि त्याच कागदांतल्या चार ओळींवर चार निबंध लिहिते. व्यवस्थेने तिला तेच करायला सांगितले आहे. माझ्या वर्गातली उत्तम मोडी वाचणारी मुले बँकांच्या परीक्षांकडे वळताना मी पाहिली आहेत, आणि त्यांना थांबवण्याचा नैतिक अधिकार मला नव्हता.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. शाळांना शिक्षक नाहीत, आरोग्य केंद्रांत डॉक्टर नाहीत, तिथे अभिलेखपाल कुठून? पण आपण सांस्कृतिक स्मृतीवर खर्च करत नाही असे कुठे आहे? पुतळे होतात, स्मारके होतात, जयंत्यांचे मंडप पडतात. आणि अभिलेख ही केवळ अभ्यासकांची हौस नाही. जमिनीचा फेरफार, धरणग्रस्ताचा मोबदला, जातीचा दाखला, वनहक्काचा दावा या साऱ्यात गरीब माणूस हरतो तो बहुतेकदा कागद सापडत नाही म्हणून. श्रीमंताने आपली प्रत घरी जपलेली असते. सरकारी दफ्तर ही गरिबाची एकमेव तिजोरी आहे. १९९३ च्या केंद्रीय सार्वजनिक अभिलेख कायद्याने प्रत्येक कार्यालयात अभिलेख अधिकारी नेमणे बंधनकारक केले, बेकायदा अभिलेख नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद ठेवली. महाराष्ट्रानेही २००५ मध्ये आपला कायदा केला. कायद्याची उणीव नाही. पण त्या हुद्द्यावर बहुधा दुसऱ्याच कामात बुडालेल्या एखाद्या अधिकाऱ्याचे नाव लिहिलेले असते, आणि त्याने अभिलेखशास्त्राचा एक तासही घेतलेला नसतो.

गोव्यात १५९५ साली पोर्तुगिजांनी अभिलेखागार सुरू केले आणि दियोगु दु कौतु याला त्याचा पहिला रक्षक नेमले. साम्राज्यवादी सत्ता होती, तिचे हेतू तिच्यापाशी. पण चार शतकांपूर्वी तिला एवढे कळले होते की कागद ठेवायचे तर एका माणसाला त्याचा पगार द्यावा लागतो. त्या दफ्तरात आज मोडी मराठी कागदही आहेत आणि गोमंतकाचा इतिहास त्यावर उभा आहे. त्याच गोव्यात इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाचे बहुतेक कागद मात्र ते न्यायालय १८१२ मध्ये बंद झाल्यावर नष्ट केले गेले. कुणाच्या छळाची नोंद राहावी आणि कुणाची राहू नये, हेही माणसांनीच ठरवले.

म्हणून माझी मागणी स्कॅनिंग थांबवण्याची नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात एक प्रशिक्षित अभिलेखपाल आणि त्या भागातली जुनी लिपी वाचणारा एक माणूस, दोघेही कायम पदावर. निदान प्रत्येक अकृषी विद्यापीठात या विषयाचे एक पूर्णवेळ प्राध्यापकपद. वर्णनात्मक सूचीला शोधग्रंथाइतके गुण, आणि एखाद्या दफ्तराची सूची हाच पीएचडीचा विषय घेण्याची मुभा. स्कॅनिंगच्या प्रत्येक निविदेत सूचीकाराचा खर्च आधी धरायचा, यंत्राचा नंतर. यातली शेवटची गोष्ट तर पुढच्याच निविदेपासून करता येईल. तिला नवा कायदा लागत नाही.